फ्लॉसीची गोड, माझी कडू

आमची फ्लॉसी म्हणते, ती बिअर गोड होती.

आता फ्लॉसी माझी सख्खी धाकटी बहीण, तेव्हा तिला खोटारडी म्हणायचं नाही. पण गोड? आईच्या कपातली ती काळी बिअर कडू होती. घशाच्या तोंडाशी ठाण मांडून बसायची आणि दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत हलायची नाही, इतकी कडू. मी प्यायलेय. फ्लॉसीही प्यायलीय. दोघींनी एकाच कपातून, एकाच संध्याकाळी, एकाच आईच्या नजरेखाली. तरी ही बाई भर रविवारी माझ्या टेबलाशी बसून, मी भाजलेलं मटण खात, माझ्या नवऱ्यासमोर म्हणते, "गोड होती गं मॉड. काकवीसारखी."

सिरिल, म्हणजे माझा नवरा, बटाट्याकडे बघत बसला. गोदी बंद पडल्यापासून तो बटाट्याकडेच बघतो.

ज्यांना खुडणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण आता माहीत नसलेलेच जास्त झालेत. आम्हा लंडनमधल्या बर्मंडसीच्या बायकांना सुट्टी म्हणजे समुद्र नव्हे आणि डोंगर नव्हे. सप्टेंबर लागला की आई, आजी, आम्ही पोरं, गादीच्या रिकाम्या खोळी, किटली आणि पिंजऱ्यातला पक्षी असं सगळं एका लॉरीत भरायचं आणि केंटला हॉप खुडायला जायचं. बिअरला कडवटपणा आणतात ना, ती हिरवी फुलं. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच वेली, त्या खाली ओढायच्या आणि लाकडी चौकटीला लावलेल्या गोणपाटात फुलं खुडून टाकायची. राहायला पत्र्याची खोपटी, झोपायला पेंढा. पुरुष मागे लंडनात. आई वर्षभर ओरडायची, पण तिकडे गाणी म्हणायची. मी तिला बर्मंडसीत कधी गाताना ऐकलं नाही. शाळेतल्या बाई दर ऑक्टोबरात विचारायच्या, इतके दिवस कुठे होतीस? मी म्हणायचे, हवा खायला. त्यामुळे माझं शिक्षण जे झालं ते असं झालं, आणि ज्यांचं पूर्ण झालं त्यांचे दिवे मी पाहिलेत.

गाव होतं फिडलहर्स्ट. तिथल्या 'तीन कावळे' पबच्या दारावर पाटी असायची, खुडणीवाल्यांना आत प्रवेश नाही. मला ती वाचता यायची नाही, पण गरजही नव्हती, मालकाचं तोंड पुरेसं होतं. आमची बिअर मागच्या खिडकीतून मिळायची, आणि तीही आपापलं भांडं नेलं तर. म्हणजे आम्ही खुडलेल्या फुलांची बिअर चालायची, आम्ही चालायचो नाही. आई तो कप घेऊन शेकोटीशी यायची, स्वतः अर्धा प्यायची आणि मग आम्हा दोघींना एकेक घोट. तोच घोट. त्याच्यावरून आमचं भांडण.

आता निकाल लावायचा तर कसा? ती बिअर बनवणारा लहानसा कारखाना त्याच भागात होता, तो एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि बंद केला. आई गेली. आजी गेली. साक्षीदार उरले नाहीत आणि आरोपी दोघी माझ्याच टेबलाशी.

एरवी मी सोडून दिलं असतं. (सिरिल म्हणेल, सोडलं नसतं. त्याला कोणी विचारलं नाही.) पण फ्लॉसी चालली होती ऑस्ट्रेलियाला. तिची लेक ग्लेनिस तिकडे असते, तीन पोरं आहेत, तिने आईला बोलावून घेतलं. सप्टेंबरअखेरचं विमान. बघायला म्हणून जातेय असं सगळे म्हणत होते आणि तिने घरची खुर्चीसुद्धा विकून टाकली होती. या वयात कोणी ऑस्ट्रेलिया बघून परत येत नाही. तिकडे उन्हात बसून ती त्या पोरांना सांगणार, तुमच्या पणजीची बिअर गोड होती. पोरं मान डोलावणार. मग ती पोरं आपल्या पोरांना सांगणार. तिला खोडून काढायला तिथे मी नसणार. म्हणजे आमच्या आईची बिअर कायमची गोड होऊन बसणार, केवळ मला विमानाचं तिकीट नाही म्हणून!

मी मटणाची ताटली तिच्यापुढून उचलली आणि म्हणाले, "तू जायच्या आत ती बिअर मी तुला करून पाजीन. आणि तू तोंडाने म्हणशील, मॉड, कडूच होती."

"कर," फ्लॉसी म्हणाली. "ताटली ठेव आधी."

बिअर घरी करायला आता सरकारला विचारावं लागत नाही, फक्त विकायची नाही. पण सरकारला विचारायचं नसलं तरी मिसेस ट्रिंडरला विचारावंच लागतं, कारण ती खालच्या मजल्यावर राहते आणि तिला सगळं आधीच कळलेलं असतं. तिचा दीर घरी बिअर करायचा. एवढ्या भांडवलावर ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"तुम्हाला प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा लागेल, मिसेस प्लमर. झाकणाचा. नवीन आणा हं."

"नाही," मी म्हणाले, "जिन्याखालचाच आणते. त्यातली मांजर तेवढी बाहेर काढते."

तिला विनोद कळत नाही. तिने मला स्वच्छतेवर अर्धा तास सुनावलं. माझ्या फरशीवर बसून! ज्या फरशीवर आमच्या डॉक्टरांनी एकदा पडलेलं बिस्कीट उचलून खाल्लं होतं.

डबा आणला. दुकानातून माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, चिकट पाक, साखर, यीस्ट, आणि हॉपचं एक पुडकं. पुडकं उघडलं आणि मला रडू आलं. आम्ही खुडायचो ती फुलं हिरवी, ओलसर, बोटांना चिकटणारी. ही चुरगळलेली, तपकिरी, कोणाच्या तरी खिशात हिवाळा काढलेली. दुकानदार म्हणाला, सगळे हेच वापरतात. मी म्हटलं, सगळे काय काय करतात ते मी सांगू का तुम्हाला?

तर ते सगळं उकळलं, गार केलं, डब्यात ओतलं, फेस आला, फेस बसला. आणि बिअर झाली चहाच्या रंगाची. आईची बिअर काळी होती, याबद्दल फ्लॉसीचं आणि माझं एकमत आहे, देवाची कृपा. आता काळा रंग आणायचा कुठून?

"रश्श्याची बाटली," मिसेस ट्रिंडर म्हणाली. "त्यात असतं काय? जळकी साखर. दुसरं काही नाही."

ही बाटली आमच्याकडे प्रत्येक घरात असते. मटणाच्या रश्श्याला काळा रंग आणायला चमचाभर घालायचा. लढाईच्या काळात पायमोजे मिळेनात तेव्हा पोरींनी हाच रंग पायांना फासला होता. फ्लॉसी तेव्हा जिथे जाईल तिथे कुत्री तिच्या पोटऱ्या हुंगत मागे चालायची. नाचायला गेली तर एक कुत्रा दाराशी रात्रभर बसून राहिला, तिच्या नवऱ्यापेक्षा निष्ठेने. (तेव्हा तो नवरा झाला नव्हता. नंतर झाला, आणि कुत्रा बरा होता.) ही बाटली मी डब्यात ओतली. सगळी. रंग आला असा की आरशासारखं तोंड दिसावं.

फ्लॉसीने घोट घेतला. मग म्हणाली, "मॉड, यात एक बटाटा टाक. जेवण होईल."

मिसेस ट्रिंडरची जळकी साखर! त्या बाटलीत मीठही असतं, हे फ्लॉसीमागच्या कुत्र्यांना ठाऊक होतं. अख्खा डबा मोरीत ओतला. आमची मोरी दोन दिवस रविवारच्या मटणाचा वास मारत होती.

दुसऱ्या खेपेला मी कोणालाच विचारलं नाही. सूपमध्ये घालतात ते जव आणले, भट्टीत ठेवले आणि पार काळे होईपर्यंत भाजले. सिरिल म्हणाला, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, जळायलाच ठेवलंय. त्याला वाटलं मला काहीतरी झालंय, आणि त्या दिवशी त्याने स्वतःहून भांडी घासली. म्हणजे फायदा झाला.

मग हॉप. एक पुडकं टाकलं, वास घेतला. नाही. आईच्या कपासारखा नाही. दुसरं टाकलं. नाही. दुकानदाराकडे होती नव्हती ती सगळी पुडकी संपली, वर आणखी मी त्याला गोदामात पाठवलं. कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात ते रटरटायला लागलं आणि हळूहळू माझ्या स्वयंपाकघरात सप्टेंबर यायला लागला. मी खिडकी उघडली नाही. मी खुर्ची ओढून हंड्याशी बसले. तोच वास. सकाळी धुक्यात वेल खाली ओढली की सगळं दव मानेवर पडायचं, आई खिदळायची, आणि पलीकडच्या रांगेतून कोणीतरी ओरडायचं, प्लमर नव्हे तेव्हा आम्ही गॅटवर्ड, "गॅटवर्डबाई, दात मोजतोय आम्ही!" तो वास.

इमारतीचं म्हणणं वेगळं होतं. जिनाभर वास गेला. वरचे म्हणाले गटार तुंबलं, खालचे म्हणाले गॅस फुटला. मिसेस ट्रिंडरने कौन्सिलला कळवलं, तिला ठाऊक असून! एक माणूस आला लांब काठ्या घेऊन. त्याने अंगणातली झाकणं उघडली, काठ्या घातल्या, काढल्या, हुंगल्या. मी त्याला वरून चहा पाठवला. मी काही बोलले नाही. गटारं साफ होत असतील तर मध्ये पडणारी मी कोण? तो दुसऱ्या दिवशी साहेबाला घेऊन आला. साहेबाने फर्मान काढलं की पुढची सूचना येईपर्यंत कोणी मोरीत पाणी ओतू नये. सगळी इमारत बादल्या घेऊन बसली. मग साहेब वास घेत घेत एकेक मजला चढला आणि माझ्या दाराशी थांबला.

"बाई, हा वास तुमच्या घरातून येतोय."

"माझ्या घरातून वास येत नाही," मी म्हणाले. "माझ्या घरातून सुवास येतो."

तो आत आला. हंड्यात डोकावला. टोपी काढली. मग स्किल्टन नावाचा तो साहेब माझ्या खुर्चीत बसला आणि त्याने सांगितलं की त्याची आजी दरवर्षी फिडलहर्स्टच्या पलीकडच्या मळ्यावर जायची आणि तो लहानपणी गोणपाटात झोपायचा. आम्ही पाऊण तास बोललो. बादल्या घेतलेले लोक जिन्यात उभे होते. जाताना तो त्यांना म्हणाला की गंभीर काही नाही, हवेचा दाब आहे.

बाटल्या भरून मी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवल्या, जिथे सिरिलच्या हिवाळी बंड्या वाळतात. यीस्टला ऊब लागते. साखर किती घालायची हे मात्र मी अंदाजाने केलं, आणि माझा अंदाज सढळ असतो, आमच्याकडे जेवलेला कोणीही सांगेल. पुढच्या रविवारी फ्लॉसी जेवायला बसली आणि कपाटातली पहिली बाटली फुटली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारख्या.

सिरिल टेबलाखाली. लढाईत बॉम्ब पडायचे तेव्हा तो गोदीवर होता, त्याचं शरीर अजून विचारत नाही, खाली जातं. फ्लॉसी चावत होती ते चावतच राहिली.

"जर्मन आले वाटतं," ती म्हणाली. "आणि बिअर घेऊन आलेत."

कपाटाच्या दाराखालून काळा ओघळ आला. बंड्यांचं काय झालं ते सांगत नाही. तो अख्खा हिवाळा सिरिल बसमध्ये बसला की शेजारचा माणूस डोळे मिटून प्रसन्न व्हायचा. पण काही बाटल्या वाचल्या. त्यातली एक मी जपून उघडली, फेस छताला पोचू दिला आणि उरलेलं फ्लॉसीच्या पुढ्यात ठेवलं.

तिने घोट घेतला. तिचं तोंड असं झालं, लहानपणी एरंडेलाच्या चमच्यासमोर व्हायचं ना, अगदी तस्सं.

"कडू आहे की नाही?" मी विचारलं.

"कडू आहे, मॉड. मेलेला माणूस उठून बसेल इतकी आहे."

"मग म्हण."

"काय म्हणू? ही कडू आहे. पण ही तुझी बिअर आहे. आईची नाही." आणि वर माझ्या हातावर हात ठेवून म्हणते, "चांगली केलीस हो. काळी तर अगदी तश्शीच झालीय."

ते हात ठेवणं मला सर्वात लागलं. भांडली असती तर मी जेवण तरी केलं असतं.

मग मी ठरवलं, तिऱ्हाइताकडे जायचं. मिसेस ट्रिंडरचा दीर ज्यात आहे त्या घरगुती बिअरवाल्यांच्या मंडळाचं वर्षाचं प्रदर्शन चर्चच्या हॉलमध्ये होतं. लोक घरची बिअर आणि वाइन आणतात, आणि परीक्षक म्हणजे चक्क पांढरे डगले घालून चाखतात, जशी काही शस्त्रक्रियाच. माझी बाटली ठेवायला गेले तर दारातलाच एक जण म्हणाला, चालणार नाही. का? लेबल बुडापासून हवं तेवढ्या उंचीवर नाही. मी लेबल सोलून हवं तिथे चिकटवलं. मग म्हणाला, बाटलीच्या काचेवर अक्षरं उठवलेली आहेत, साधी काच हवी. मग म्हणाला, वर्ग कोणता? फिकी कडू, काळी सौम्य, की दाट काळी स्टाउट?

"आईची," मी म्हणाले.

"असा वर्ग नाही, बाई."

"वर्ग नसला तर नसू दे. माझी शाळा तशीच झाली."

मागे रांग लागली होती. आवाज चढला होता, माझा थोडा आणि त्याचा जास्त, तरी नंतर मिसेस ट्रिंडरने उलटं सांगितलं. तेव्हा आतून मुख्य परीक्षक आले. मिस्टर ऑस्गुड. उंच, हाडकुळे, नाकावर दोन चष्मे लावल्यासारखा चेहरा. त्यांनी मला बाजूच्या टेबलाशी नेलं आणि म्हणाले, स्पर्धेत घेता येणार नाही, पण चाखून सांगतो.

ग्लास उजेडाला धरला. "फेस उत्तम." माझी मान ताठ. वास घेतला. खूप वेळ घेतला. "संत्र्याची साल, पाइनचं लाकूड, भाजलेली कॉफी. आणि... लोकर?"

"ते आमच्या यजमानांचं," मी म्हणाले. "पुढे चला."

त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. "बाई, ही काळी म्हणावी तर फार कडू आहे आणि कडू म्हणावी तर फार काळी आहे. ही कोणत्याच प्रकारात बसत नाही. हॉप इतकी आहे की हिरड्या आवळतात. जव करपलेत. असं कोणी करत नाही." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ग्लास हळूच पुढे केला. "आणखी थोडी द्याल का?"

मी भरला. आणि मग, मूर्खासारखं, मी त्यांना खरा प्रश्न विचारला. त्या वेळी, त्या भागातल्या पबात मिळायची ती काळी बिअर, ती अशीच होती ना? तुम्ही जाणते आहात.

"अशी?" ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "छे, छे. तिकडची काळी सौम्य बिअर म्हणजे अगदी हलकी. हॉप नावाला. गोडच असायची, बाई. काकवीसारखी."

मी उरलेली बाटली बंद केली, पिशवीत घातली आणि घरी आले. सिरिलने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, फेस उत्तम. फ्लॉसीला काहीच सांगितलं नाही. डगला घातला म्हणून काय झालं, तो माणूस आमच्या शेकोटीशी होता का? मी होते. माझ्या जिभेला माहीत आहे. पण तेव्हापासून ती जीभ मला रात्रंदिवस विचारायला लागली की मॉड, नक्की ना? हा प्रश्न मी आयुष्यात स्वतःला कधी विचारलेला नाही. सवय नसल्यामुळे फार त्रास झाला.

शेवटी मी म्हटलं, दोष हॉपचा. दुकानातली तपकिरी पुडकी! फिडलहर्स्टची फुलं हवीत. फ्लॉसीच्या विमानाला आठवडा राहिला होता, तिसरी बिअर पिकायला तेवढा वेळ पुरत नाही हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं जाऊ. सिरिल, फ्लॉसी, मी, रविवारची बस.

खोपटी नव्हती. तिथे आता मळेवाला ट्रॅक्टर ठेवतो. खुडणी यंत्र करतं, एका मोठ्या शेडमध्ये, आणि गाणं वगैरे म्हणत नाही. पण बांधाच्या कडेला यंत्राला न पोचणारी एक वाकडी रांग उभी होती. मुकादम म्हणाला, घ्या बाई हवी तेवढी, नाहीतरी कापूनच टाकायची. मी एक वेल धरून ओढली आणि ती अंगावर कोसळली. सगळं दव मानेवर. फ्लॉसी खिदळली. मी दचकले, कारण हसणं आईचं होतं.

मग आम्ही खुडायला लागलो. गोणपाट नव्हतं, माझा पावसाळी कोट पसरला. माझी बोटं आपोआप चालत होती, त्यांना काही सांगावं लागलं नाही. फ्लॉसी मात्र पानंच तोडत होती.

"अगं पानं नकोत! कधी खुडली नाहीस काय?"

"कधी खुडणार? मी जॉर्जीला सांभाळत नव्हते? तो रडला की आजी म्हणायची, फ्लॉसे, हलव त्याला. माझा सगळा सप्टेंबर त्याला हलवण्यात गेला."

खरंच की. आमचा धाकटा भाऊ, पेटीत निजवलेला. फ्लॉसी ती पेटी हलवत बसायची आणि आजी तिला खोपटात नेऊन वेळेवर जेवू घालायची. मी आईबरोबर गोणपाटाशी. मला त्या वेळी तिचा हेवा वाटायचा, आणि आता कळतं की तिला माझा वाटायचा. त्या दिवशी मी तिला खुडायला शिकवलं. साठीजवळच्या बाईला! दुपारपर्यंत आमचे दोघींचे हात काळेकुट्ट झाले. फुलं हिरवी आणि डाग काळा, चिकट, नखांत, रेघांत. कोणी खून केल्यासारखे.

भूक लागली. 'तीन कावळे'वर आता पाटी नाही. आत गालिचा आहे. दाराशी पोचल्यावर मात्र माझे पाय अडले. या पबात आमच्या घरातलं माणूस पहिल्यांदाच पुढच्या दाराने शिरत होतं, आणि शिरायचं तर असल्या हातांनी? बर्मंडसीच्या बायका घाणेरड्या, असं म्हणायची संधी मी यांना देणार? मी सरळ मोरीवर गेले आणि साबण, ब्रश, जे मिळालं त्याने हात सोलून काढले. फ्लॉसी म्हणाली, मला भूक लागलीय, मला लाज नाही. ती जाऊन बसली.

मी येईपर्यंत सिरिलने पाव, चीज आणि तिघांना काळी बिअर मागवली होती. फ्लॉसीने अर्धा पाव त्या काळ्या बोटांनी तोडून खाल्लाही होता. तिने ग्लास उचलला, मोठा घोट घेतला आणि थांबली.

"मॉड."

"काय?"

"कडू आहे गं."

मी हातातला पाव खाली ठेवला.

"कडू आहे," ती म्हणाली. "तू म्हणतेस तश्शी. इथे, मागे, घशाशी. अगं बाई गं. मॉड, कडूच होती."

हे एक वाक्य ऐकायला मी डबा फुकट घालवला, गटारं उघडवली, नवऱ्याला टेबलाखाली घातलं. मी माझा ग्लास उचलला आणि विजयाचा घोट घेतला.

गोड. काकवीसारखी.

शहाण्या बाईने गप्प राहून जिंकून घेतलं असतं. पण फ्लॉसी चुकीचं बोलत असताना गप्प राहायची मला सवय नाही. "काहीतरीच काय," मी म्हणाले. "गोड आहे ही."

"कडू!"

"गोड! तुझ्या जिभेला काय झालंय?"

"तूच ना आयुष्यभर कडू म्हणत आलीस? आता मी म्हणतेय तर तुला गोड लागते? मी म्हणते ते मानायचंच नाही तुला!"

सगळा पब आमच्याकडे वळला. मालक ग्लास पुसायचा थांबला. आणि सिरिल, ज्याने गोदी बंद पडल्यापासून आमच्या भांडणात कधी तोंड घातलं नव्हतं, त्याने पाइप काढला आणि म्हणाला, "हात बघा."

आम्ही बघितले. माझे गुलाबी, तिचे काळे.

मी फ्लॉसीच्या हातातला उरलेला पाव घेतला. तिच्या बोटांचे ठसे उठले होते त्यावर. तो खाल्ला आणि वर एक घोट घेतला.

अं. तिथेच. घशाच्या तोंडाशी, ठाण मांडून.

मी तिचा हात ओढून हुंगला, हॉपच्या फुलांचा कडू चीक. दिवसभर खुडायचं आणि त्याच हातांनी पाव तोडायचा. आमच्या गोणपाटाशी सगळंच कडू लागायचं, पाव, चीज, सफरचंद, आईने गालाची घेतलेली पापी. आम्ही कोणी बोलायचो नाही, कारण जेवण असंच लागतं अशी आमची समजूत होती. आणि फ्लॉसी खोपटात, आजीच्या स्वच्छ हातचं खात.

"म्हणजे बिअर गोडच होती," फ्लॉसी हळूच म्हणाली.

"बिअरचं काय घेऊन बसलीस," मी म्हणाले.

तिने डोळे पुसले, आणि तोंडावर काळा पट्टा उठला. "पोरांना काय सांगू मग मी तिकडे?"

"सांग, हात न धुता प्यायची."

तिने मान डोलावली. पावाचा आणखी एक तुकडा तोडून माझ्या ताटलीत टाकला, आणि मी तो खाल्ला. तेवढ्यात मालक बारमागून आला, तरुण मुलगा, चांगल्या वळणाचा. त्याने ओलं फडकं आणलं होतं, गरम पाण्यात पिळून. फ्लॉसीपुढे धरून म्हणाला, "बाई, हात पुसून घ्या ना."

"राहू दे ते," मी म्हणाले. "तिचं अजून संपलेलं नाही."